कुंदाबाई नाराज नाहीत

वऱ्हाडात माणूस कार्यक्रमाला आला नाही, तर त्याची दोनच कारणं असू शकतात. एक तर तो वारला, किंवा तो नाराज आहे. ताप आला, बस चुकली, पाय मोडला ही सगळी नाराजीचीच सभ्य रूपं समजली जातात. पत्रिकेत नाव खाली छापलं असेल, घ्यायला गाडी पाठवली नसेल, पंगतीत बुंदी उलट्या बाजूनं वाढत आणली असेल. नेमकं कारण शोधून काढण्याची जबाबदारी ज्याच्या घरचं कार्य त्याची. मग तो चार माणसं आणि एक साडी घेऊन मनवायला जातो. ज्याला मनवायचं त्यानं दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा चहा घ्यायचा. चहा घेतला की मिटलं.

ही व्यवस्था उत्तम चालते. तिच्यात खोट एकच. जो माणूस मुळात नाराजच नाही, त्याची तिच्यात काहीही सोय नाही.

अमरावतीच्या साईनगरातल्या कुंदाबाई गावंडे अशा माणसांपैकी. वय साठीच्या आसपास. वजनाचे त्यांच्या घरात दोन आकडे चालत, एक कुंदाबाई सांगत तो आणि एक काटा सांगे तो. गेली सहा वर्षं त्या सख्ख्या बहिणीवर, शेजारणीवर, भजनी मंडळावर आणि नवऱ्याच्या दोन चुलतभावांवर नाराज आहेत, असं अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत सर्वमान्य होतं. प्रत्यक्षात त्यांचा कोणावरच राग नव्हता. हसलं, खोकलं, शिंकलं, किंवा पंगतीतून उठताना जमिनीला हात टेकून जोर लावला, की त्यांना लघवी जायची. थोडी जायची. कधी थोडीपेक्षा जास्त.

चार पुरुष बैठकीत बसलेत, मध्ये साडी ठेवली आहे, आणि वडीलधारा माणूस विचारतो आहे, “आमचं काय चुकलं ते सांगा.” अशा वेळी सांगता येईल असं हे कारण नाही.

सगळं सुरू झालं ते अकोल्याला, धाकट्या बहिणीच्या घरी. दुर्गाबाईंच्या मुलीचं, स्वरालीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मांडवात बाया नाचत होत्या, आणि दुर्गाबाईंच्या नणंदेनं विहीणबाईंच्या चालण्याची अशी हुबेहूब नक्कल केली, की कुंदाबाई हसता हसता खुर्चीवर मागे कलंडल्या. मग थांबल्या. खुर्चीला पांढरं चकचकीत कापड चढवलेलं होतं. कुंदाबाईंनी पर्स मागे धरली, भिंतीच्या कडेकडेनं मांडवाबाहेर पडल्या, रिक्षा केली आणि थेट बसस्थानक गाठलं. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. त्या जेवल्यासुद्धा नव्हत्या.

सख्खी थोरली बहीण भाचीच्या हळदीतून न जेवता निघून गेली. वऱ्हाडात याहून मोठा अपमान करायचा, तर मांडवाला काडीच लावावी लागते.

पंधरवड्यात दुर्गाबाईंचे यजमान चार माणसं घेऊन साईनगरात हजर झाले. सोबत हिरवी, जरीच्या काठाची साडी. कुंदाबाई दारातच म्हणाल्या, “मी नाराज नाई.”

हे वाक्य ऐकून चौघांचे चेहरे उतरले. ‘मी नाराज आहे’ असं म्हणणारा माणूस अर्ध्या तासात वळतो. ‘नाराज नाही’ म्हणणाऱ्याची केस हाताबाहेर गेलेली असते.

“असं कसं म्हनता अक्का? आहेरात तुमच्या आधी विहीनबाईच्या बहिनीचं नाव घेतलं, हे आमचं चुकलंच.”

“ते मले मालूमच नाई.”

“पाहा! किती लागलं असन!”

साडी घ्यावी, तर नाराज होतो हे कबूल केल्यासारखं. कुंदाबाईंनी घेतली नाही. साडी अकोल्याला परत गेली, आणि परत गेलेली साडी पाहून दुर्गाबाई नाराज झाल्या. त्यांनी फोन बंद केला. आता मनवायला कुंदाबाईंनी जायला हवं होतं. मनवायला जायचं म्हणजे कारण सांगायचं.

त्यानंतर एकेक दार आपोआप बंद होत गेलं. शेजारच्या सत्यवतीबाईंचं भजनी मंडळ दर गुरुवारी बसे. भजनात वरचा सूर लागला की कुंदाबाईंचा खालचा बंदोबस्त सुटे, म्हणून त्यांनी जाणं सोडलं. मंडळ दरवर्षी गाडी करून गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाई. कुंदाबाई गाडी निघेपर्यंत मागच्या अंगणात कपडे वाळत घालत राहायच्या, म्हणजे हात हलवायची वेळ येऊ नये. गडद रंगाच्या साड्या, घडी केलेली जुनी सुती कापडं, आणि तीन चौक ओलांडून असलेल्या दुकानातून आणलेली पॅडची पाकिटं. दुकानदार त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघायचा. “नातीसाठी,” त्या म्हणायच्या. नात नव्हती. मुलगा पियुष कॅनडात होता आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला आई कमरेपर्यंत दिसायची. तेवढी ती ठणठणीत होती.

गुरुवारी संध्याकाळी खंजिरीचा आवाज भिंतीतून यायचा. पदं सगळी पाठ होती. कुंदाबाई पलंगावर बसून नुसते ओठ हलवायच्या, आवाज न काढता.

आणि त्यांचे यजमान खुशालराव हे हास्यक्लबचे अध्यक्ष होते.

सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर खुशालरावांनी मैदानावर हा क्लब काढला. पहाटे तीस-चाळीस माणसं गोल उभी राहून हात वर करून हसत. त्यात खुशालरावांचं हसणं वेगळं ओळखू यायचं, कारण ते आधी सुरू व्हायचं आणि शेवटी संपायचं. घरी आले की ते म्हणायचे, “चाल ना तू बी. हसल्यानं वजन उतरते म्हनतात.”

“मले कामं हायेत.”

“कावून वं, चेहरा कावून असा? मानसानं हसलं पाह्यजे.”

कुंदाबाई खिडकी लावून घ्यायच्या.

वजनाचं सगळेच सांगत. घरच्या डॉक्टरांना त्यांनी एकदा आडवळणानं ‘कमरेखाली कमजोरी वाटते’ असं सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं, वजन कमी करा, रोज चाला. कुंदाबाई चालायला लागल्या. चाललं की गळायचं. गळतं म्हणून त्या घरी बसल्या. बसल्या म्हणून वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून जास्त गळायला लागलं. मग पुन्हा डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही चालत दिसत नाही.

त्या हिवाळ्यात कुंदाबाईंना खोकला लागला, आणि तो थांबेना. आता घडीचं कापडही पुरेना. घरचे डॉक्टर हास्यक्लबचे सभासद होते, म्हणून त्या गुपचूप नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टर पौर्णिमा वयानं लहान होत्या. त्यांनी छाती तपासली, औषध लिहिलं, आणि लिहिता लिहिताच, तापाची चौकशी करावी तसं विचारलं, “खोकताना लघवी जाते का, काकू?”

कुंदाबाईंनी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं.

“बऱ्याच बायांना जाते, म्हणून विचारते.”

“कोन्या बायांले?”

“तुमच्या आधी जी गेली, तिलाही विचारलं.”

“तिले जाते?”

“ते मी तुम्हाला सांगणार नाही. आणि तुमचं तिला सांगणार नाही.”

कुंदाबाई काही वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “वजन कमी करा म्हनान ना आता?”

“म्हणणारच. वजन थोडं उतरलं तरी गळणं पुष्कळ कमी होतं. काही जणींचं तर ऑपरेशन टळतं. चालता का तुम्ही?”

“चालली का गळते.”

“आणि चालत नाही म्हणून वजन.”

“हो जी.”

“म्हणजे तुम्हाला एका दारावर पाठवलं आणि त्याची किल्ली आत ठेवली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उद्या पाणी पिऊन या. लघवी न करता या.”

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर कागद अंथरलेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता जोरात खोका.”

कुंदाबाईंनी सवयीप्रमाणे पाय आवळून, तोंडावर पदर धरून बारीक खोकून दाखवलं.

“तसं नाही काकू. मोकळं. होऊ द्या. कागद आहे खाली.”

सहा वर्षांत त्यांना ‘होऊ द्या’ असं कोणी म्हटलं नव्हतं. कुंदाबाई खोकल्या. मग जे व्हायचं ते झालं आणि त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्हींसाठी कापूस दिला.

आधी व्यायाम झाला. आतले स्नायू आवळायचे आणि सोडायचे, बसल्या जागी, कोणाला न कळता. कुंदाबाई तो खुशालराव समोर पेपर वाचत असताना करायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात खुशालरावांसमोर, त्यांना न कळता, आणखी एक गोष्ट घडू लागली. भात कमी झाला, साखर ताब्यात आली, काट्यानं सांगितलेला आकडा जरासा नरमला. शिंकेला फरक पडला. खोकला आणि हसणं यांना पडला नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं सांगितलं. लघवीच्या नळीखाली एक अरुंद पट्टी बसवायची, झोळीसारखी. खोकलं, हसलं की नळीला खालून टेका मिळतो आणि ती दाबली जाते. पट्टी जाळीची असते, किंवा आपल्याच पोटातली काढून घेता येते.

“पोटातली घ्या मंग,” कुंदाबाई म्हणाल्या. “थे पुष्कळ हाये. लागन तेवढी घ्या.”

“चरबी नाही हो काकू! आतल्या स्नायूवरचं जाड आवरण. त्याला पोटावर मोठा छेद घ्यावा लागतो, आणि वजन जास्त असलं की ती जखम लवकर भरत नाही. तुम्हाला जाळीचीच बरी. तिचेही त्रास असतात, कोणाला टोचते, कोणाला लघवी अडते. ते मी लिहून देते, घरी वाचा.”

“हमखास बरं होते?”

“हमखास म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मी तुम्हाला जाऊ देणार नाही. बारीक बाईपेक्षा गुण जरा कमी येतो, भूल देताना काळजी जास्त घ्यावी लागते. पण तुमच्या वजनाच्या पुष्कळ जणी माझ्याकडून हसत गेल्यात. हसत, म्हणजे खरोखर हसून दाखवून.” त्यांनी तारीख टाकली, बुधवार. “रात्री सोबत एक बाई लागेल. नात्यातली असली तर बरं. वॉर्ड बायांचा आहे, पुरुषांना रात्री थांबू देत नाही.”

“नसली बाई तं?”

“असेलच की कोणीतरी.” डॉक्टरीणबाईंनी पुढचा कागद ओढला.

ऑपरेशनपेक्षा या वाक्याची कुंदाबाईंना जास्त धास्ती बसली.

खुशालरावांना त्यांनी सकाळी चहा देताना सांगितलं. “माह्यं ऑपरेशन हाये. लघवीचं.”

“पथरी?” खुशालरावांनी विचारलं, आणि कुंदाबाई काही बोलायच्या आत ते ठरून गेलं. पथरी हा इभ्रतीचा आजार आहे. पथरी बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवता येते. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या हास्यक्लबात पसरली. “सोबतीची काय चिंता करतं? क्लबातल्या बाया येतीन. पाळी लावून देतो.”

“नको!”

“आता त्यायच्यावर बी नाराज हायेस का तू?”

संध्याकाळी कुंदाबाई सत्यवतीबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. मध्ये एक भिंत होती आणि ती ओलांडायला सहा वर्षं लागली होती. दार उघडताच सत्यवतीबाईंनी दोन्ही हात गालावर ठेवले.

“मायबाई! कोन आलं पाहा! मी म्हनतच होती, कुंदाबाई मनानं मोठी हाये, एक दिवस येईनच!”

“मी जरा वेगळ्या कामानं...”

“झालं गेलं सोडा. पेटीजवळची जागा त्या दिवशी दुसरीले दिली, हे माह्यंच चुकलं. सहा वर्ष मले झोप नाई.”

“पेटीचं काई नाई वं. मले एक सोबत...”

“बसा. बसाच!” हळदीकुंकू आलं, नारळ आला, खण आला. मंडळातल्या दोघी-तिघींना हाका गेल्या. त्या आल्या, डोळे पुसले, एकीनं कुंदाबाईंना कडकडून मिठी मारली. प्रत्येकीनं स्वतःचा एकेक जुना गुन्हा कबूल केला. त्या सगळ्यांच्या मध्ये बसून ‘मला लघवी जाते, रात्री माझ्याजवळ कोण बसतं?’ असं विचारायला जागा कुठंच सापडेना. क्षमा इतकी दाटीवाटीनं झाली, की कुंदाबाई खण आणि नारळ घेऊन घरी आल्या, आणि दार लावून ते दोन्ही टेबलावर ठेवल्यावर त्यांना आठवलं, की आपण काहीच विचारलं नाही.

आता एकच जागा राहिली होती.

अमरावती ते अकोला या रस्त्याचा कुंदाबाईंचा अभ्यास जुना होता. बडनेऱ्याला सोय आहे पण दाराला कडी नाही, मूर्तिजापूरला कडी आहे पण पाणी नाही, बोरगाव मंजूला गाडी थांबते पण चालक हॉर्न वाजवतो. त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. काळी साडी नेसल्या होत्या. खिडकीशी बसून त्यांनी बोलायचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात लावून पाहिलं. ते दरवेळी बडनेऱ्याच्या दारासारखं उघडं पडत होतं.

अकोल्याच्या जठारपेठेत दुर्गाबाईंनी दार उघडलं. तेल्हारा गावच्या बापाची जाड हाडं दोघी बहिणींनी सारखी वाटून घेतली होती, त्यामुळे दारात दार उभं राहिल्यासारखं दिसलं.

“या,” दुर्गाबाई म्हणाल्या. “बसा.”

लहानपणापासून जी ‘ये वं’ म्हणायची तिनं ‘या’ म्हटलं, तेव्हाच कुंदाबाईंना कळलं की किती उशीर झालाय. दिवाणावर बसवलं. चांगल्या कपात चहा आला. बशीत बिस्किटं, ट्रेमध्ये रुमाल. घरच्या माणसाला इतकं कोणी करत नाही.

कुंदाबाईंनी कप उचलला आणि सरळ चहा प्यायला सुरुवात केली.

दुर्गाबाई बघतच राहिल्या. “हे काय? आमी अजून तुमाले मनवलं नाई.”

“मी नाराजच नाई, तं मनवतं काय?”

“तेच म्हनता तुमी. साडी परत पाठवली तवाबी तेच म्हनलं. माह्या पोरीच्या हळदीतून उपाशी गेल्या. चार लोकांत माह्यं नाक कापलं. कारन सांगा ना एक! विहीनबाईच्या बहिनीचं नाव आधी घेतलं म्हनून?”

“नाई.”

“मंग?”

कुंदाबाईंनी कप खाली ठेवला. बसमध्ये लावलेलं वाक्य आलंच नाही. दुसरंच आलं. “खुर्ची वली झाली होती, दुर्गे.”

“कोन्ती खुर्ची?”

“माह्याखालची. मले हसलं का लघवी जाते. त्या दिवशी लय गेली. पांढरं कापड होतं. मी पर्स मांगं धरली आन निंगाली. बस. एवढंच झालं. नाव-बिव मी काई आयकलंच नाई.”

दुर्गाबाईंनी डोळे बारीक केले. त्यांच्या कपाळावर काहीतरी जुळत होतं. मग हळूच म्हणाल्या, “खांबापाशी होती ते खुर्ची? पंख्याच्या बाजूनं?”

“हो.”

“म्हंजे... तो मठ्ठा नोता?”

“कोन्ता मठ्ठा?”

“अवो, मी त्या रागिणीले फाडून खाल्लं ना! माह्या जावेले! म्हनलं, तुले दिसत नाई का, नव्या खुर्चीवर मठ्ठा सांडतं? थे शपथा घेऊन राहिली, मी मठ्ठा घेतलाच नाई म्हने. मी म्हनलं, खोटी! तवापासून थे माह्या घरचं पानी पीत नाई! सहा वर्ष!”

कुंदाबाईंच्या डोळ्यांसमोर रागिणी आली. काडीसारखी, कडक इस्त्रीची, पोटात मठ्ठ्याचा थेंब नसताना शपथा घेणारी. कुंदाबाईंनी ओठ दाबले. पाय आवळले. श्वास धरला. काही उपयोग झाला नाही. हसू आतून आलं आणि ते आलं म्हणजे बाकीचंही आलं. त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या आणि दिवाणावरची चादर त्यांच्याखाली गरम होत होती.

दुर्गाबाईंनी ते पाहिलं. उठल्या. आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं.

कुंदाबाईंचं हसू विझलं. भिंतीवरचा पंखा फिरत होता. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. उठावं तर साडी ओली, बसावं तर चादर. पर्स मागे धरून दाराबाहेर पडायचं, रिक्षा, बसस्थानक हे सगळं त्यांना येत होतं. त्यांनी पर्स हातातही घेतली. मग परत मांडीवर ठेवली.

दुर्गाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात परकर होता, आणि त्यावर हिरवी, जरीच्या काठाची साडी. घडी मोडलेली नव्हती.

“हे घे. मोरी तिकडं हाये.”

कुंदाबाई साडी बदलून आल्या तेव्हा चादर काढलेली होती आणि ताट वाढलेलं होतं. दुर्गाबाई भाकरी आदळून वाढत होत्या.

“आता मी नाराज हाये,” त्या म्हणाल्या. “आतापर्यंत खोटी होती. आता खरी हाये. दुनियेले नाई सांगितलं तं नाई. मले नाई सांगाचं? एका गोधडीत झोपत होतो आपन. तवा कोन कोनाले भिजवत होतं? मी कधी घर सोडून गेली का?”

कुंदाबाई जेवत राहिल्या. पोट भरलं होतं तरी आणखी अर्धी भाकरी घेतली. या घरातून उपाशी जायची त्यांची हिंमत नव्हती.

निघताना दारात म्हणाल्या, “बुधवारी ऑपरेशन हाये. अमरावतीले. रात्री सोबत एक बाई लागते म्हनतात.”

दुर्गाबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ओली चादर बादलीत टाकली आणि नळ सोडला.

बुधवारी खुशालराव क्लब बुडवून दवाखान्यात आले. हसण्याची वेळ निघून गेल्यामुळे ते अस्वस्थ होते. कुंदाबाईंना हिरवा झगा घातला, तो मागून पुरत नव्हता, म्हणून दुसरा उलटा घातला. पलीकडच्या खाटांवर बाया होत्या आणि प्रत्येक बाईजवळ एक बाई होती. कोणी केस विंचरत होतं, कोणी डबा उघडत होतं. कुंदाबाईंजवळच्या बाकावर खुशालरावांचा मफलर होता.

नीलम नावाची सिस्टर आली. “सोबतची बाई कोण?”

“येऊन राहिली,” कुंदाबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं ती परत आली. “काकू, आत घ्यायचंय. सोबतची बाई?”

खुशालराव अर्धवट उठले. “मी हाये जी.”

“तुम्ही बाई नाही काका.”

खुशालरावांना हे नाकारता आलं नाही. कुंदाबाई दाराकडे पाहत होत्या. दारातून एक वॉर्डबॉय आला, एक रिकामी खुर्ची आली. मग एक मोठी पिशवी आली आणि पिशवीमागून दुर्गाबाई आल्या.

“मी हाये सोबत,” त्या नीलमला म्हणाल्या. “तिची बहीन. बोलत नाई मी तिच्यासंग. पन हाये.”

कमरेखाली भूल दिली होती. कुंदाबाईंना पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, भांड्यांचा आवाज येत होता, आणि आपले पाय कोण्या दुसऱ्याच बाईचे असल्यासारखे दिसत होते. फार वेळ लागला नाही. त्यांना वाटलं होतं, सहा वर्षांच्या गोष्टीला जास्त लागेल.

दुर्गाबाईंनी शब्द पाळला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. रात्री बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपल्या. सकाळी ऑपरेशनच्या वेळी घातलेली रबरी नळी काढल्यावर कुंदाबाईंना लघवी नीट झाली की नाही हे डॉक्टरीणबाईंनी मोजून पाहिलं. झाली होती. जड उचलायचं नाही, महिनाभर जपायचं, वजनाचं सोडायचं नाही, आता चालायचं, असं सांगून त्या गेल्या.

दुर्गाबाई म्हणाल्या, “सिस्टर, तिले म्हना, दूध पिऊन घे.”

नीलमनं सांगितलं. हाताच्या अंतरावरून कुंदाबाईंनी ऐकलंच होतं.

“सिस्टर, तिले म्हना, सुट्टी झाली का आधी अकोल्याले चाल. रागिणीले मनवाले जा लागते. चार मानसं मी पाह्यली हायेत. साडी बी घेतली. फक्त मठ्ठ्याचं कारन चौघायसमोर कोन सांगन, थे तिले विचारा.”

नीलम मधल्यामध्ये उभी होती. “मठ्ठ्याचं म्हणजे?”

कुंदाबाईंच्या डोळ्यांसमोर रागिणीची बैठक उभी राहिली. चार पुरुष, मध्ये साडी, आणि वडीलधारा माणूस घसा साफ करून सुरुवात करतो आहे. हसू आलं. त्यांनी पाय आवळले नाहीत, आवळायला विसरल्या. हसू मोठं झालं, टाके ओढले गेले, ‘आई गं’ म्हणत त्या हसल्या. पलीकडच्या खाटांवरच्या बाया वळून बघायला लागल्या. मग सवयीनं हात मागे गेला, झग्याखाली, चादरीवर.

हात तिथंच थांबला. त्यांनी तो आणखी थोडा फिरवला.

कोणाला सांगावं? खुशालराव मैदानावर होते. पियुषकडे अजून रात्र होती. बहीण बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत होती आणि बोलत नव्हती.

“सिस्टर,” कुंदाबाई म्हणाल्या, “त्या बाईले सांगा. कोरडी हाये म्हना.”

नीलम वळली. दुर्गाबाईंनी मान वळवली नाही. पदरानं नाक पुसलं, डोळे पुसले.

“तिले म्हना, मले ऐकू येते,” त्या म्हणाल्या. “आन एकदा खोकूनबी पाह्य म्हना.”